अ‍ॅल्युमिनियमचा धडा

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादी मालावर कार्बनचा सीमाकर लागू केला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेने परदेशी अ‍ॅल्युमिनियमवरील जकात १२ मार्च रोजी २५ टक्क्यांवर नेली आणि तीन महिने पुरे होण्याच्या आत, ४ जूनला, ती ५० टक्के केली. इकडे भारत सरकारने अलोह धातूंच्या भंगाराच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम २०२५ मध्ये काढले. त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही ठरली. ब्रुसेल्स, वॉशिंग्टन आणि दिल्ली येथील या तीन निर्णयांचा परस्परांशी वरकरणी काही संबंध नाही. परंतु तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : अ‍ॅल्युमिनियम या धातूचे खरे मोल कशात आहे आणि ते कोणाच्या पदरात पडावे?

हा प्रश्न गोव्याने आणि शेजारच्या कोकण-बेळगाव पट्ट्याने इतरांपेक्षा अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे, असे आम्हांस वाटते. ज्या भूमीने अर्धशतकाहून अधिक काळ आपले डोंगर बार्जांत भरून मांडवी-जुवारीच्या मुखाशी उभ्या असलेल्या परकी जहाजांवर चढविले, त्या भूमीच्या पठारांखाली अ‍ॅल्युमिनियमची मातीही पडलेली आहे. लोहखनिजाच्या बाबतीत जे झाले ते झाले. तीच चूक दुसऱ्या मातीच्या बाबतीत करावयाची की नाही, हे ठरविण्यापूर्वी त्या मातीतून धातू कसा निघतो आणि त्याला किंमत कोठे येते, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

आमच्या आजीच्या पिढीने या धातूला ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हटले, पुढच्या पिढीने त्याच्या एका मिश्रणाला ‘हिंडालियम’ म्हटले आणि दोन्ही पिढ्यांनी त्याला गरिबाघरचे भांडे मानले. पितळ-तांब्याच्या रांगेत त्याला मान नव्हता. पण हाच धातू एकेकाळी राजेरजवाड्यांचा होता, हे सांगितले तर आज कोणाला खरे वाटणार नाही. पृथ्वीच्या कवचात अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण सुमारे ८ टक्के. इतका विपुल धातू दुसरा नाही. आणि तरीही तो मोकळा असा कोठे सापडत नाही. प्राणवायूने त्याला असे जखडून ठेवलेले असते की, लोखंडाप्रमाणे कोळशाच्या भट्टीत घालून तो सुटत नाही. डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२५ मध्ये त्याचा कण प्रथम वेगळा केला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या लगडी दुर्मीळ वस्तू म्हणून मांडल्या गेल्या. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर शिखर म्हणून बसविण्यासाठी शंभर औंसांचा, म्हणजे तीन किलोंहूनही कमी वजनाचा, अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा निवडला गेला. त्या काळी त्याचा भाव चांदीच्या जवळपास होता.

त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी हा मान संपला. १८८६ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समधील पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांची गंधवार्ताही नसताना, एकच युक्ती शोधून काढली. अ‍ॅल्युमिनाची शुभ्र भुकटी वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या क्षारात विरघळवावयाची आणि तिच्यातून विजेचा प्रचंड प्रवाह सोडावयाचा. भुकटी एकटी वितळविण्यास दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. क्रायोलाइटच्या संगतीत ते काम साडेनऊशे अंशांच्या आसपास होते. तळाशी रसरूप धातू जमतो, वरच्या कोळशाच्या कांड्यांशी प्राणवायूचा संयोग होऊन कर्बवायू निघून जातो. पाठोपाठ कार्ल बायर याने बॉक्साइटमधून कॉस्टिक सोड्याच्या साहाय्याने शुद्ध अ‍ॅल्युमिना काढण्याची पद्धत बसविली. आज जगातील जवळजवळ सर्व नवा अ‍ॅल्युमिनियम या दोन पद्धतींच्या जोडीनेच तयार होतो. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकलेली अशी औद्योगिक प्रक्रिया विरळाच.

या प्रक्रियेचा हिशेब मात्र प्रत्येक खनिजप्रेमी राज्यकर्त्याने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. सुमारे ४ टन बॉक्साइटमधून २ टन अ‍ॅल्युमिना आणि त्यातून १ टन धातू निघतो. त्या एका टनासाठी १४ हजार युनिटांच्या आसपास वीज खर्ची पडते. महिन्याला २०० युनिट वीज वापरणाऱ्या कुटुंबाचा हा जवळजवळ सहा वर्षांचा वापर झाला. म्हणूनच या धातूला ‘गोठविलेली वीज’ म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती काहीच नाही. बॉक्साइटची माती हा त्याच्या किमतीचा लहानसा भाग असतो. मोठा भाग विजेचा. आणि त्याहूनही पुढे, धातूचा पत्रा, तार, नळी, पंख किंवा दट्ट्या होताना जी किंमत वाढते, ती विद्येची.

या विद्येविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण अ‍ॅल्युमिनियमचे सारे औद्योगिक माहात्म्य तिच्यात आहे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचे गुण चार. तो हलका आहे : पोलादाच्या एक-तृतीयांश वजनाचा. तो वीज चांगली वाहतो : आकारमानाने तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, पण त्याचे वजन तांब्याच्या एक-तृतीयांशाहून कमी असल्यामुळे किलोला किलो मोजल्यास तांब्याच्या दुप्पट. तो उष्णताही उत्तम वाहतो. आणि हवा लागताच त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म, घट्ट पापुद्रा धरतो, जो खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज पोपडे धरून लोखंडालाच खातो; अ‍ॅल्युमिनियमचा गंज हेच त्याचे चिलखत. मात्र एक अवगुण असा की, शुद्ध रूपात तो मऊ आहे. त्याचा पत्रा हाताने वाकतो.

हा अवगुण दूर करण्याचा मार्ग सापडला तो काहीसा योगायोगाने. जर्मनीत आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ १९०६ मध्ये अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबे आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून प्रयोग करीत होता. मिश्रधातू तापवून पाण्यात विझविला तेव्हा तो फारसा कठीण झाला नव्हता; पण काही दिवसांनी पुन्हा मोजून पाहतो तो काय, तो आपोआप कठीण झालेला! आतल्या आत तांब्याचे अतिसूक्ष्म कण वेगळे होऊन ते धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नव्हते, हे कारण पुढे कित्येक वर्षांनी उलगडले. या ‘मुरण्या’तून ड्युराल्युमिन जन्मास आला आणि १९१९ मध्ये युंकर्स एफ-१३ हे सर्वस्वी धातूचे प्रवासी विमान आकाशात गेले. लाकूड आणि कापडाच्या विमानांचे दिवस तेथून भरत आले.

मग एकेक मिश्रणाने आपापले क्षेत्र काबीज केले. सिलिकॉन मिसळला की रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचतो. मोटारींची इंजिने, दट्ट्ये, चाके त्यातून ओततात. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिळून जो मिश्रधातू होतो, त्याच्या दाबून काढलेल्या पट्ट्या आज आपल्या घरोघरच्या खिडक्या-दारांना लागलेल्या आहेत. एकट्या मॅग्नेशियमचे मिश्रण समुद्राच्या पाण्याला दाद देत नाही. म्हणून तटरक्षक दलाच्या वेगवान अंतरक्षक नौकांची अंगे त्याची करतात. जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे यांचे जपानने १९३६ मध्ये काढलेले मिश्रण साध्या बांधकामी पोलादाशी ताकदीत स्पर्धा करते आणि त्याच्याच जातीचे मिश्रधातू विमानांच्या पंखांत आहेत. आपल्या अवकाश संशोधन संस्थेच्या प्रक्षेपकांतील अतिशीत इंधनाच्या टाक्यासुद्धा तांबेयुक्त अ‍ॅल्युमिनियमच्याच. लोखंड अतिथंडीत ठिसूळ होते, हा होत नाही. आणि औषधाच्या गोळीवरचा तो चकचकीत वर्ख? गोव्याच्या औषध कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गोळ्यांच्या पट्ट्यांवर तोच असतो. दमटपणा, प्रकाश आणि हवा तिन्हींना तो बाहेर ठेवतो.

गुणांबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत; कारण किनाऱ्यावर राहणाऱ्यांचा त्यांच्याशी रोजचा संबंध येतो. ऑक्साइडचा पापुद्रा आम्लाने आणि क्षाराने विरघळतो. आमसुलाचे सार किंवा चिंचेची आमटी साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात रात्रभर ठेवू नये, हे घरातील वडीलधाऱ्या बायकांचे सांगणे शास्त्राला धरून आहे. विद्युतक्रियेने पापुद्रा जाड करून काळे केलेले भांडे ते बरेच सोसते. खाऱ्या हवेत या धातूला तांब्याचा किंवा लोखंडाचा शेजार चालत नाही; दोन धातूंच्या सांध्यावर ओल साचली की विद्युतघटासारखी क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियमच झिजतो. किनाऱ्यावरच्या कित्येक खिडक्यांच्या चौकटी स्क्रूपाशीच का कुजतात, त्याचे कारण हे आहे. पुन्हा पुन्हा ताण पडल्यास हा धातू थकतो. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन जेट विमाने हवेतच फुटली, त्यामागे असाच थकवा होता. ६६० अंशांवर तो वितळतो. १९७५ मध्ये अमेरिकेच्या बेलनॅप या युद्धनौकेला टक्कर होऊन आग लागली, तेव्हा तिचे अ‍ॅल्युमिनियमचे वरचे बांधकाम वितळून खाली बसले. धातू वाईट म्हणून हे घडले नाही. कोणते मिश्रण, कोठे, कशाच्या शेजारी आणि किती ताणाखाली, याची विद्या अपुरी पडली म्हणून घडले.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात धातू प्रथम तयार झाला तो १९४३ मध्ये, केरळातील अलुवाजवळ, आणि तोही आयात केलेल्या अ‍ॅल्युमिन्यातून. पुढे हिराकुड, रेणुकूट, कोरबा असे कारखाने उभे राहिले. १९८१ मध्ये फ्रेंच तंत्राच्या साहाय्याने ओडिशात नाल्कोची स्थापना झाली. आज चीनच्या खालोखाल भारत हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक आहे. वर्षाला ४० लाख टनांहून अधिक नवा धातू येथे निघतो. मात्र चीनचे उत्पादन याच्या दहापट आहे आणि आपला दरडोई वापर जगाच्या सरासरीच्या एक-तृतीयांशाच्याही आत आहे. वापर वाढणार यात शंका नाही. विजेच्या तारा, रेल्वेचे डबे, सौर पट्ट्यांच्या चौकटी, विजेवर चालणाऱ्या मोटारी या सर्वांना तो हवा आहे. प्रश्न इतकाच की, तो कोणत्या विजेवर आणि कोणाच्या डोंगरातून यावा.

आपले बहुतेक मोठे कारखाने स्वतःच्या कोळशाच्या विजेवर चालतात. कोळशाच्या विजेवर एक टन अ‍ॅल्युमिनियम काढताना पंधरा टनांहून अधिक कर्बवायू हवेत जातो. नॉर्वे, आइसलँड किंवा कॅनडा येथे धबधब्यांच्या विजेवर तेच काम त्याच्या लहानशा अंशात होते. युरोपचा सीमाकर प्रारंभीच्या टप्प्यात अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत कारखान्यातील प्रत्यक्ष उत्सर्जनापुरताच आकारावयाचा ठरला. विजेचे उत्सर्जन त्यात धरलेले नाही. म्हणून आपल्या उत्पादकांना तूर्त श्वास घेण्यास जागा आहे. पण ज्या दिवशी विजेचाही हिशेब मागितला जाईल, त्या दिवशी कोळशावर गाळलेल्या धातूची युरोपच्या बंदरात काय पत राहील? श्रीमंत राष्ट्रांनी दीडशे वर्षे धूर सोडून झाल्यावर आता गरीब राष्ट्रांकडून कर मागावा, यातील अन्याय आम्हांस दिसतो आणि तो जागतिक व्यासपीठांवर ठणकावून सांगितलाच पाहिजे. मात्र अन्याय सांगून झाल्यावरही स्वच्छ विजेची तरतूद आपणांस करावी लागणारच आहे. ती टाळण्यास अन्यायाची तक्रार पुरेशी होणार नाही.

विजेविना माती कशी निरुपयोगी ठरते, याचा दाखला शोधण्यास फार दूर जावयास नको. बेळगावला इंडियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीचा कारखाना १९७० च्या सुमारास सुरू झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-चंदगडच्या बाजूचे बॉक्साइट आणि कर्नाटकची जलवीज यांच्या भरवशावर तेथे धातू गाळावयाचा होता. पुढे वीज अपुरी आणि महाग झाली आणि गाळण्याचा विभाग बंद पडला. आज तेथे धातू निघत नाही. अ‍ॅल्युमिना आणि त्याचे विशेष प्रकार तेवढे निघतात. रत्नागिरीची कथा तर याहून खिन्न करणारी. कोयनेच्या विजेवर आणि कोल्हापूरच्या बॉक्साइटवर तेथे सार्वजनिक क्षेत्रातील बाल्कोचा अ‍ॅल्युमिनियम कारखाना होणार म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जमिनी गेल्या, कारखाना आला नाही. दापोली-मंडणगडाकडचे बॉक्साइट मात्र जहाजांत चढून परदेशी गेले. म्हणजे कोकणच्या वाट्याला खड्डे आले, भट्टी आली नाही आणि विद्या तर नाहीच नाही.

याच्या उलट उदाहरणही बेळगावच्याच परिसरात आहे. हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग बनविणारे विशेष आर्थिक क्षेत्र गेल्या दीड दशकात उभे राहिले. जगातील मोठ्या विमान कंपन्यांसाठी तेथे धातू कापून, घडवून, तपासून भाग तयार होतात. या उद्योगाला बेळगावचा बॉक्साइट लागला नाही. बेळगावात पूर्वापार असलेली ओतारी आणि यंत्रकारागिरीची परंपरा, अचूक यंत्रे आणि शिकलेली मुले यांच्यावर तो उभा राहिला. जेथे मातीच्या जोरावर उभारलेली भट्टी थंडावली, त्याच जिल्ह्यात हाताच्या आणि डोक्याच्या जोरावर रोजगार उभा राहिला. या दोन चित्रांमधला फरक गोव्याने डोळ्यांआड करू नये.

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत जांभ्याच्या सड्यांखाली बॉक्साइट आहे, हे भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. बेतूल परिसरात त्याचे उत्खनन पूर्वी झालेलेही आहे. हे सडे उन्हाळ्यात ओसाड, काळे, निरुपयोगी दिसतात. कोणीही म्हणावे की येथून चार टोपल्या माती उचलली तर कोणाचे काय गेले? पण पावसाळ्याचे पाणी हा सच्छिद्र जांभाच पिऊन घेतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत पायथ्याच्या झरींतून, विहिरींतून, कुळागरांतून हळूहळू सोडतो. खालच्या गावाचे माड आणि पोफळी त्या पाण्यावर उभ्या असतात. बॉक्साइट हा याच सड्याच्या पोटातला थर. तो काढावयाचा म्हणजे वरचे झाकण उचलावयाचे आणि पाण्याची घागरच फोडावयाची. कोकणच्या अशाच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली कातळशिल्पे सापडली आहेत, ती वेगळीच.

माती गेल्यावर गावाच्या हाती काय राहते, हे लोहखनिजाने आम्हांला शिकविले आहे. न्या. शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून त्यांना पुन्हा वाट दिली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द करून ती वाट पुन्हा बंद केली. या सहा वर्षांत ट्रकवाला, बार्जवाला, गॅरेजवाला, खाणावळवाला असा खाणपट्ट्यातील साधा माणूस देशोधडीला लागण्याची वेळ आली. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या त्या माणसाविषयी आम्हांला पूर्ण सहानुभूती आहे, आणि त्याच्या पोटाचा प्रश्न पर्यावरणाच्या घोषणांनी सुटत नाही, हेही आम्ही जाणतो. पण कच्ची माती उपसून विकणे हाच एक धंदा असलेल्या गावाचे भवितव्य परदेशातील भावावर आणि दिल्लीतील निकालावर लटकत राहते, हा त्या सहा वर्षांचा बोध आहे. बॉक्साइटच्या बाबतीत तर लोखंडाइतकेही पदरात पडणार नाही. गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. आपली वीज बाहेरून येते. आपल्याला येथे धातू गाळणे शक्य नाही. जाईल ती केवळ माती, आणि तीही मातीच्या भावाने.

शुद्धीकरणाचा कारखाना तरी काढावा, असे कोणी सुचवील. त्याने लाल गाळाचा विचार करावा. एक टन अ‍ॅल्युमिन्यामागे एक ते दीड टन लाल, दाहक गाळ उरतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो. हंगेरीतील आयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशा गाळाचा बांध फुटून दहा माणसे मेली. झारखंडात मुरी येथेही एप्रिल २०१९ मध्ये गाळाचा ढिगारा ढासळला. वर्षाला शेकडो सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या, चिंचोळ्या, दाट वस्तीच्या किनारपट्टीवर असे तळे कोठे बांधणार? ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नकार दिला. त्या डोंगराळ, निरक्षर म्हटल्या जाणाऱ्या माणसांना जे कळले, ते शिकलेल्या गोमंतकाला कळू नये काय?

मग अ‍ॅल्युमिनियमच्या या वाढत्या व्यवहारात गोव्याने हात बांधून बसावे, असे आमचे म्हणणे नाही. गोव्यापाशी या धातूची एक खाण आहेच. ती सड्याखाली नसून सड्यावर, रस्त्याकडेला आणि वाळूत पसरलेली आहे. अ‍ॅल्युमिनियम कितीही वेळा वितळविला तरी त्याचे मूळ गुण नष्ट होत नाहीत आणि भंगारातून धातू पुन्हा मिळविण्यास नव्या धातूच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. उरलेली ९५ टक्के वीज त्या फेकलेल्या डब्यात आधीच गोठून बसलेली असते. कळंगुट-बागाच्या वाळूत पर्यटकाने टाकलेला बिअरचा रिकामा डबा म्हणजे कोणीतरी कोठेतरी जाळलेला कोळसा आणि खणलेला डोंगर आहे. तो कचराकुंडीत जाणे ही धातूची नव्हे, अकलेची नासाडी होय.

जगाला हे कळलेले आहे. जर्मनीने २००३ पासून एकदा वापरून टाकावयाच्या डब्या-बाटल्यांवर सक्तीची ठेव आकारली. रिकामा डबा परत दिला की ठेव परत मिळते, आणि डबा रस्त्यावर राहत नाही. भंगाराचे महत्त्व इतके वाढले आहे की, २०२५ च्या अखेरीस युरोपीय आयोगाने अ‍ॅल्युमिनियमचे भंगार युरोपाबाहेर जाऊ नये यासाठी निर्बंध आणण्याचा मनोदय जाहीर केला. ही बातमी भारताला झोंबणारी आहे, कारण आपला भंगार वितळविणारा उद्योग मोठ्या प्रमाणावर आयात भंगारावर चालतो. परक्यांनी फेकलेले विकत घ्यावयाचे आणि आपण फेकलेले मातीत गाडावयाचे, हा व्यवहार आता परवडणारा नाही. केंद्राच्या नव्या नियमांनी उत्पादकांना पुनर्वापराचे लक्ष्य घालून दिले आहे : २०२६-२७ मध्ये १० टक्के आणि वाढत वाढत २०३२-३३ मध्ये ७५ टक्के. ते गाठण्यासाठी उत्पादकांना भंगार शोधत फिरावे लागेल.

गोवा सरकारने २०२४ मध्ये ठेव-परताव्याची योजना अधिसूचित केली, ही गोष्ट निःसंशय स्तुत्य आहे. साळगावच्या प्रकल्पामुळे कचरा वेगळा करण्याची सवयही गोव्याला इतर राज्यांच्या मानाने आधी लागली. आता या योजनेत दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली, परताव्याची केंद्रे किनाऱ्यावर, बाजारात आणि गाड्यावर सामान्य माणसाच्या हाताशी असावीत. तालुक्याच्या कचेरीत ठेव परत मिळणार असेल तर कोणी फिरकणार नाही. दुसरी, आज जो भंगारवाला पाठीवर पोते घेऊन हे काम करतो आहे, त्याला या व्यवस्थेत सन्मानाने सामावून घ्यावे. नवी व्यवस्था आणताना त्याचाच रोजगार बुडाला, तर तो दुहेरी अन्याय होईल. गोव्याच्या स्वच्छतेचा निम्मा भार वाहणाऱ्या या परप्रांतीय माणसाला आपण फार तर हटकले आहे, मानले कधी नाही.

याच्या पुढची पायरी विद्येची. भंगार वितळविणे सोपे. त्यातून कामाचा मिश्रधातू मिळविणे कठीण. डबा, खिडकीची पट्टी, इंजिनाचा तुकडा आणि विजेची तार एकाच कढईत गेली की जे निघते ते हलक्या प्रतीचे ओतकाम. तांबे, सिलिकॉन, लोखंड एकदा मिसळले की ते सहजी वेगळे होत नाहीत. जात पाहून भंगार निवडले, तर त्याच डब्याचा पुन्हा डबा आणि त्याच पट्टीची पुन्हा पट्टी होते. हे निवडण्याचे, तपासण्याचे, जोडण्याचे शिक्षण आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून का मिळू नये? वास्कोला जहाजे बांधणारा सरकारी कारखाना आहे, नदीकाठी होड्या-बार्ज बांधणारी खासगी आवारे आहेत. सागरी अ‍ॅल्युमिनियमचे सांधकाम हे पोलादाच्या सांधकामाहून वेगळे कसब आहे. ते येणाऱ्या माणसाला येथेही काम आहे आणि आखातातही. खाणपट्ट्यातील ज्या मुलांना बापाचा ट्रक चालविण्यापलीकडे वाट दिसली नाही, त्यांच्यासाठी ही वाट सरकारने आखून द्यावी. बेळगावकरांना जे जमले ते फोंडा-वेर्ण्याला न जमण्याचे कारण नाही.

एक गोष्ट आणखी. अ‍ॅल्युमिनियमचे प्रश्न इतरत्र ढकलून आपण मोकळे होतो, असेही समजू नये. मोलेच्या जंगलातून नेऊ घातलेल्या वीजवाहिनीवरून गोव्यात केवढे रण माजले! त्या वाहिन्यांच्या तारांना अ‍ॅल्युमिनियमच लागतो, आणि ज्या छत्तीसगडातील तमनारचे नाव त्या प्रकल्पाला आहे, त्या भागाने कोळशाच्या खाणी अंगावर घेतल्या आहेत. आम्हांला दिवा हवा, खिडकी हवी, विमान हवे. डोंगर मात्र दुसऱ्याचा फुटावा, हा न्याय नव्हे. आपला सडा राखावयाचा हक्क सांगणाऱ्या प्रदेशावर, वापरलेला धातू वाया न घालविण्याचे कर्तव्यही येते. हक्क आणि कर्तव्य यांची ही जोड ज्याला मान्य नाही, त्याच्या पर्यावरणप्रेमावर ओडिशाच्या आदिवासीने का विश्वास ठेवावा?

येत्या काळात जकाती वाढतील, उतरतील. सीमाकराचे नियम बदलतील. अ‍ॅल्युमिनियमचा भाव चढला की कोणीतरी गोव्याच्या सड्यांचा नकाशा घेऊन सचिवालयाच्या पायऱ्या चढेल. त्या वेळी राज्यकर्त्यांनी दोन प्रश्न विचारावेत. या मातीबरोबर वीज आणि विद्या येथे येणार आहे काय? आणि सड्याखालच्या गावाला मार्च महिन्यात पाणी कोण देणार? या दोहोंचे लेखी उत्तर मिळत नाही तोवर सड्यांवर कुदळ पडता कामा नये, आणि तशी हमी विधानसभेने ठरावाच्या रूपाने गोव्याला द्यावी, अशी आमची मागणी आहे.